पाऊल नावाचा पक्ष

नोव्हेंबर २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात मोल्दोव्हा या छोट्या देशात एक मालवाहू गाडी चोरीला गेली आणि नंतर जळून गेलेली सापडली. गाडीत बँकेच्या कागदपत्रांची बारा पोती होती. त्याच आठवड्यात संसदेची निवडणूक होती, आणि देशातल्या तीन बँका आतून पोखरून निघाल्या होत्या. हिशेब लागला तेव्हा समजले की सुमारे १ अब्ज डॉलर गायब झाले आहेत. देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाचा हा जवळजवळ आठवा हिस्सा. पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याचे साडेतीनशे डॉलर कुणीतरी उचलून नेले होते.

या चोरीतून पुढे एक राजकीय पक्ष उभा राहिला. त्याच्या नावातल्या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडली की ‘पास’ असा शब्द तयार होतो, आणि रोमानियन भाषेत ‘पास’ म्हणजे पाऊल. ‘कृती आणि एकजूट पक्ष’ हे त्याचे पूर्ण नाव. २०१६ साली स्थापन झालेला हा उदारमतवादी, युरोपवादी पक्ष पाच वर्षांत स्वबळावर बहुमत मिळवून सत्तेत आला, आणि २०२५ मध्ये त्याने बहुमत पुन्हा राखले. मागे ना जुनी घराणी, ना मोठा उद्योगपती, ना स्वतःची वाहिनी. मग हे घडले कसे? याचे उत्तर युरोपातल्या एका कोपऱ्याविषयी तर सांगतेच, शिवाय प्रामाणिक राजकारण कशाच्या बळावर उभे राहते आणि कुठे अडते, हेही सांगते.

दोन नद्यांमधला देश

मोल्दोव्हा नकाशावर शोधावा लागतो. पश्चिमेला रोमानिया, बाकी तिन्ही बाजूंना युक्रेन. पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढा प्रदेश होईल, त्याहून हा देश किंचित मोठा. प्रुत नदी त्याला रोमानियापासून वेगळा करते. पूर्वेकडे द्नीस्तर नदी वाहते. सुपीक काळी जमीन, द्राक्षांचे मळे, भुयारांमध्ये मैलोन् मैल पसरलेली वाइनची तळघरे, आणि तरुणांवाचून ओस पडत चाललेली गावे असा हा मुलूख आहे. २०१४ च्या जनगणनेत २८ लाख भरलेली लोकसंख्या २०२४ मध्ये २४ लाखांवर आली. इटलीत वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायका, मॉस्कोत किंवा पॅरिसमध्ये बांधकामावर राबणारे पुरुष, आणि घरी आजी-आजोबांजवळ वाढणारी मुले हे तिथल्या असंख्य कुटुंबांचे चित्र आहे.

इतिहासाने या भूमीला सतत इकडून तिकडे ओढले. १८१२ मध्ये ती रशियन साम्राज्यात गेली, १९१८ मध्ये रोमानियाला जोडली गेली, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने ती बळकावली. महायुद्धात काही वर्षे रोमानियाकडे राहून ती पुन्हा सोव्हिएत राजवटीखाली आली. लोकांची भाषा रोमानियन. पण सोव्हिएत काळात ती रशियन लिपीत लिहायला लावली गेली आणि तिला ‘मोल्दोव्हन’ असे वेगळे नाव दिले गेले. १९८९ मध्ये लोकांनी चळवळ करून रोमन लिपी परत मिळवली. कायद्यांत भाषेचे नाव सरसकट ‘रोमानियन’ व्हायला मात्र २०२३ उजाडावे लागले. भाषेच्या नावावर राष्ट्राचे भवितव्य तोलले जाते तेव्हा काय होते, हे भाषावार राज्यांसाठी लढलेल्या आपल्या माणसांना समजावून सांगायला नको.

२७ ऑगस्ट १९९१ रोजी देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी द्नीस्तरच्या पलीकडच्या पट्ट्यात युद्ध पेटले. तो पट्टा, म्हणजे ट्रान्सनिस्ट्रिया, आजही राजधानी किशिनाऊतल्या सरकारच्या ताब्यात नाही आणि तिथे रशियन सैन्य तैनात आहे. दक्षिणेकडच्या गागाउझियात तुर्की वंशाचे, धर्माने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक राहतात. १९९४ पासून त्यांना स्वायत्तता आहे आणि त्यांची ओढ मॉस्कोकडे आहे. घरात रोमानियन, बाजारात रशियन, खिशात बऱ्याचदा रोमानियाचा पासपोर्ट आणि स्वयंपाकघरात रशियाचा गॅस अशा अवस्थेत इथला माणूस तीस वर्षे जगला.

एका शब्दाची नासाडी

अशा देशात ‘युरोप’ हा शब्द केवळ भूगोलाचा राहत नाही, तो आशेचा शब्द होतो. २००९ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले, कम्युनिस्टांची आठ वर्षांची सत्ता गेली आणि ‘युरोपीय एकीकरणासाठी आघाडी’ असे नाव घेऊन अनेक पक्षांचे सरकार आले. बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत दिसत होते. एप्रिल २०१४ मध्ये मोल्दोव्हाच्या नागरिकांना युरोपात व्हिसाशिवाय प्रवास करता येऊ लागला, आणि जूनमध्ये युरोपीय संघाशी सहकार्य करारावर सही झाली.

बँका लुटल्या गेल्या त्या याच ‘युरोपवादी’ सरकारच्या काळात. तीन बँकांचे समभाग हळूहळू एका गटाच्या हातात गेले. मग त्या बँकांनी एकमेकींकडून उचल घेत, आपसांत जोडलेल्या कंपन्यांना मोठमोठी कर्जे दिली. तो पैसा लाटव्हियातल्या बँकांतून फिरून, केवळ कागदावर असलेल्या परदेशी कंपन्यांच्या खात्यांत गेला. बँका बुडू नयेत म्हणून मध्यवर्ती बँकेने तातडीचे कर्ज दिले आणि सरकारने त्याला हमी दिली. २०१६ मध्ये ते कर्ज सरकारी रोख्यांत बदलले गेले. त्या रोख्यांची परतफेड करदात्यांनी २०४१ पर्यंत करायची आहे. पैसा नेला कुणी, आणि पंचवीस वर्षे हप्ते भरणार कुणी, हे गावातल्या साध्या माणसालाही समजत होते.

या प्रकरणात इलान शोर या तरुण उद्योजकाला न्यायालयाने दोषी ठरवले. त्याची शिक्षा नंतर पंधरा वर्षांपर्यंत वाढली. पण तोवर तो देशाबाहेर निसटला होता. माजी पंतप्रधान व्लाद फिलात यांना २०१५ मध्ये संसदेच्या इमारतीतच ताब्यात घेतले गेले आणि भ्रष्टाचारासाठी तुरुंगवासाची शिक्षा झाली. या साऱ्यात एक माणूस मात्र अधिकच बलवान होत गेला. तो म्हणजे व्लाद प्लाहोत्निउक: अब्जाधीश, अनेक दूरचित्रवाहिन्यांचा मालक आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा सूत्रधार. २०१४ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला १०१ पैकी अवघ्या १९ जागा होत्या. मग इतर पक्षांची फोडाफोडी सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत संसद त्याच्या मुठीत आली. सोव्हिएत काळातली ‘टेलिफोनवरचा न्याय’ ही संकल्पना, म्हणजे वरून फोन यायचा आणि न्यायाधीशाने निकाल द्यायचा, नव्या मालकाच्या हाती पुन्हा कामाला लागली.

सगळ्यात मोठे नुकसान पैशाचे नव्हते. ‘युरोप’ हा शब्द ज्यांनी झेंड्यावर लिहिला, त्यांच्याच राज्यात तिजोरी रिकामी झाली. लोकांनी मनाशी गाठ मारली की युरोपवादी म्हणजे चोर. रशियाकडे झुकलेल्या समाजवादी पक्षाला याहून मोठी देणगी कुणी दिली नसती. म्हणून नव्या पक्षापुढचे पहिले काम युरोपचे गोडवे गाण्याचे नव्हते. चोरांच्या हाती सापडलेला तो शब्द त्याला आधी सोडवून घ्यायचा होता.

परीक्षागृहातले कॅमेरे

हे काम जिने अंगावर घेतले, ती माया सांदू १९७२ मध्ये रिसिपेनी या खेड्यात जन्मली. अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकलेली, पुढे हार्वर्डमधून सार्वजनिक प्रशासनाची पदवी घेतलेली आणि वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेत काम केलेली ही बाई २०१२ मध्ये देशात परतून शिक्षणमंत्री झाली. शालान्त परीक्षेत पैसे देऊन, कॉपी करून उत्तीर्ण होणे तिथे रीतच होऊन बसली होती. सांदूंनी परीक्षागृहांत कॅमेरे लावले. निकाल धाडकन खाली आला. पालक चिडले, गावातल्या छोट्या शाळा बंद झाल्यानेही रोष वाढला. पण मंत्रीणबाई मागे हटल्या नाहीत. देशाने या बाईंचे नाव पहिल्यांदा लक्षात ठेवले ते यामुळे. दहावी-बारावीच्या केंद्रांवर कॉपीमुक्तीची मोहीम राबवणाऱ्या कुणाही मराठी शिक्षकाला या एका निर्णयासाठी किती धैर्य लागले असेल, ते उमगेल.

जुलै २०१५ मध्ये पंतप्रधानपदासाठी सांदूंचे नाव पुढे आले. त्यांनी होकार दिला, पण आधी दोन अटी घातल्या: मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे मुख्य सरकारी अभियोक्ता या दोघांनी पायउतार व्हावे, कारण चोरी होत असताना पहारा यांचाच होता. काही दिवसांतच सत्ताधारी आघाडीने दुसऱ्याच माणसाला पंतप्रधान केले. पद गेले, पण लोकांनी एक गोष्ट पाहिली: खुर्ची समोर असताना तिच्यासाठी अट न सोडणारी व्यक्ती.

खटला भरायचा की नाही, कुणावर आणि केव्हा, हे मुख्य अभियोक्ता ठरवतो. ज्याच्या हाती हे पद, त्याच्या हाती चोराला वाचवण्याची किंवा शत्रूला अडकवण्याची किल्ली. २०१५ मधली सांदूंची अट या पदाभोवती होती, आणि पुढच्या दहा वर्षांत या पक्षाची वाट पुन्हा पुन्हा इथेच येऊन अडली.

पाऊल ते पक्ष

सप्टेंबर २०१५ मध्ये किशिनाऊच्या मध्यवर्ती चौकात हजारो लोक जमले आणि तंबू ठोकून राहिले. त्या आंदोलनाचे नेतृत्व आंद्रेई नस्तासे यांच्या ‘प्रतिष्ठा आणि सत्य’ या व्यासपीठाकडे होते. सांदूंनी वेगळी वाट धरली. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी आपल्या आधीच्या पक्षाशी नाते संपवून ‘माया सांदूंच्या पावलासोबत’ अशा अर्थाचे नाव असलेली चळवळ सुरू केली. १५ मे २०१६ रोजी तिचा पक्ष झाला आणि ‘पाऊल’ हा शब्द पक्षाच्या नावात कायमचा बसला.

या पक्षाला उदारमतवादी म्हणायचे ते कोणत्या अर्थाने? न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्यामुळे हा शब्द मराठीत रुळला. कायद्याचे राज्य, संस्थांवर विश्वास, टप्प्याटप्प्याने सुधारणा आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य असा त्याचा गाभा. मोल्दोव्हातला अर्थही यापासून फार दूर नाही. तिथे बाजारपेठ खुली असायला हवी, पण ती एका अब्जाधीशाच्या दावणीला बांधलेली नको. न्यायालय स्वतंत्र हवे. नोकरी ओळखीवर नव्हे तर कामावर मिळायला हवी. युरोपातल्या पक्ष-परिवारांत ‘पास’ मध्य-उजव्या युरोपियन पीपल्स पार्टीशी जोडलेला आहे, त्यामुळे काही अभ्यासक त्याला नुसता उदारमतवादी म्हणायला कचरतात. मतदारांना मात्र अशा लेबलांशी फारसे देणेघेणे नव्हते. ‘युरोप’ म्हणजे फोनवर निकाल न लागणारे न्यायालय, एवढा अर्थ त्यांना पुरेसा होता.

पक्षाची पहिली कसोटी सहा महिन्यांतच आली. २०१६ मध्ये घटना न्यायालयाच्या निकालामुळे वीस वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक झाली. नस्तासे यांनी माघार घेऊन सांदूंना पाठिंबा दिला. समाजवादी इगोर दोदोन यांच्याविरुद्ध सांदूंना ४७.८९ टक्के मते पडली. त्या हरल्या. प्रचारात त्यांच्यावर चिखलफेक झाली; त्या निवडून आल्या तर तीस हजार सीरियन निर्वासित देशात आणतील, अशी धादांत खोटी बातमी पसरवली गेली. परदेशात अनेक केंद्रांवर मतपत्रिकाच संपल्या आणि तासन्‌तास रांगेत उभे राहिलेले लोक मत न देता परतले. पराभवातून पक्षाला दोन गोष्टी उमगल्या: निम्मा देश आपल्या बाजूने येऊ शकतो, आणि परदेशी राबणारा मोल्दोव्हन माणूस हा आपला सर्वांत निष्ठावान मतदार आहे.

शत्रूशी हातमिळवणी

फेब्रुवारी २०१९ च्या संसदीय निवडणुकीत ‘पास’ आणि नस्तासे यांचा पक्ष मिळून २६ जागांवर आले. समाजवाद्यांना ३५, प्लाहोत्निउकच्या पक्षाला ३० आणि शोरच्या पक्षाला ७ जागा मिळाल्या. कुणालाच बहुमत नव्हते. तीन महिने खल चालला. शेवटी जूनमध्ये सांदूंनी जो निर्णय घेतला, तो त्यांच्याच समर्थकांना गिळायला अवघड गेला: प्लाहोत्निउकला हटवण्यासाठी रशियाधार्जिण्या समाजवाद्यांशी युती.

८ जूनला सांदू पंतप्रधान झाल्या, पण जुन्या सरकारने सत्ता सोडायला नकार दिला आणि घटना न्यायालयही त्याच्या बाजूने उभे राहिले. आठवडाभर देशात दोन सरकारे होती. या पेचात युरोपीय संघ, अमेरिका आणि रशिया हे तिघेही नव्या सरकारच्या बाजूने बोलले. अशी एकवाक्यता फार क्वचित दिसते. १४ जूनला जुन्या सरकारने राजीनामा दिला आणि प्लाहोत्निउक देश सोडून गेला. सहा वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, त्याला अथेन्समध्ये पकडले आणि सप्टेंबरमध्ये मोल्दोव्हाच्या स्वाधीन केले.

सांदूंचे हे सरकार पाच महिने टिकले. मुख्य अभियोक्त्याच्या निवडीची पद्धत बदलण्याचा त्यांनी आग्रह धरला, समाजवाद्यांनी अविश्वास ठराव आणला, आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी सरकार पडले. २०१५ मध्ये ज्या पदासाठी पंतप्रधानपद हुकले, त्याच पदासाठी आता ते गेले. लोकांनी मात्र याचा अर्थ पक्षाच्या बाजूने लावला. वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०२० मध्ये, सांदूंनी दोदोन यांना ५७.७२ टक्के मते मिळवून हरवले आणि त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. परदेशातल्या दोन लाख साठ हजारांहून अधिक लोकांनी त्या दिवशी मतदान केले आणि त्यांतल्या शंभरातल्या सुमारे त्र्याण्णव जणांनी सांदूंना मत दिले.

बहुमताचे गणित

राष्ट्राध्यक्षपद मिळाले तरी संसद जुनीच होती. खूप कायदेशीर झगड्यानंतर ती बरखास्त झाली आणि ११ जुलै २०२१ रोजी निवडणूक झाली. ‘चांगले दिवस’ असे वचन देत प्रचार करणाऱ्या ‘पास’ला ५२.८ टक्के मते आणि १०१ पैकी ६३ जागा मिळाल्या. समाजवादी-कम्युनिस्ट आघाडी ३२ जागांवर थांबली, शोरच्या पक्षाला ६ मिळाल्या. एका युरोपवादी पक्षाने एकट्याने बहुमत मिळवण्याची देशाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

नवा पक्ष इतका झपाट्याने वर आला, त्याला निवडणूक पद्धतीचाही हात आहे. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून येतो. नव्या पक्षाची मते राज्यभर विखुरलेली असतील तर लाखो मते मिळूनही जागा शून्य. मोल्दोव्हात सगळा देश हाच एक मतदारसंघ आहे. मतदार पक्षाच्या यादीला मत देतो आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. अट एवढीच की पक्षाला किमान पाच टक्के मते मिळायला हवीत, आघाडीला सात. २०२१ मध्ये सुमारे चौदा टक्के मते या उंबरठ्याखाली राहिलेल्या पक्षांना गेली होती. ती हिशेबातून वगळली गेल्यामुळे ५२.८ टक्क्यांच्या ६३ जागा झाल्या. याउलट प्लाहोत्निउकच्या काळात, २०१७ मध्ये, निम्म्या जागांसाठी एकल मतदारसंघ आणले गेले होते, कारण पैसा आणि स्थानिक वजन असलेल्या माणसाला ती पद्धत सोयीची होती. २०१९ मध्ये सांदूंच्या अल्पजीवी सरकारच्या काळात जुनी पद्धत परत आली. पाच महिन्यांच्या त्या सरकारने बाकी काही केले नसते, तरी हे एक काम पुरे होते.

युद्ध उंबरठ्यावर

‘चांगले दिवस’ आले नाहीत. पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर रशियाने गॅसची कोंडी केली, आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर मोल्दोव्हाइतके निर्वासित फार थोड्या देशांनी घेतले. सीमेवरच्या लोकांनी घरे उघडली, सूप आणि ब्लँकेटे घेऊन ते रस्त्यावर उभे राहिले. भारताने तेव्हा ‘ऑपरेशन गंगा’ राबवले. दक्षिण युक्रेनमधून निघालेले अनेक भारतीय विद्यार्थी मोल्दोव्हामार्गे रोमानियात गेले आणि बुखारेस्टहून मायदेशी परतले. युक्रेनहून परतलेल्यांत महाराष्ट्रातले कितीतरी विद्यार्थी होते. किशिनाऊच्या वैद्यकीय विद्यापीठात आजही भारतीय मुले शिकतात. आपल्या काही घरांत मोल्दोव्हाचे नाव कृतज्ञतेने घेतले जाते ते त्या दिवसांमुळे.

३ मार्च २०२२ रोजी मोल्दोव्हाने युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि २३ जूनला युक्रेनसोबत त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. एरवी ज्याला दहा वर्षे लागली असती, ते चार महिन्यांत झाले. पण त्याच वर्षी महागाई ३४ टक्क्यांवर गेली. ज्या म्हातारीचे निवृत्तिवेतन गॅसच्या बिलातच संपत होते, तिला उमेदवार दर्जाचा काय उपयोग? पंतप्रधान नातालिया गाव्रिलित्सा यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत राजधानी किशिनाऊचे महापौरपद पक्षाला मिळवता आले नाही.

आणि पुन्हा ते अभियोक्त्याचे पद. मुख्य अभियोक्ता अलेक्झांद्रू स्टोयानोग्लो यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या सरकारच्या काळात निलंबित केले गेले. २०२३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की या निलंबनाविरुद्ध दाद मागण्याची संधीच त्यांना मिळाली नाही, आणि हा त्यांच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग आहे. कायद्याच्या राज्यासाठी जन्मलेल्या पक्षाला कायद्याने दिलेली ही समज होती, आणि ती योग्यच होती. शोरचा पक्ष २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवून बंद केला गेला, रशियाकडे झुकलेल्या काही वाहिन्यांचे परवाने स्थगित झाले. शेजारी युद्ध चालू असताना आणि पैशाच्या जोरावर मते विकत घेतली जात असताना लोकशाहीने स्वतःचे रक्षण करावे, हे मला पटते. पण रक्षणाचे साधन आणि दडपणाचे साधन यांतला फरक नियमांनीच राखला जातो, आणि तो राखण्याची सर्वांत मोठी जबाबदारी हा फरक सांगत सत्तेत आलेल्यांवरच असते.

अर्ध्याहून थोडा जास्त

२० ऑक्टोबर २०२४ रोजी सार्वमत झाले: युरोपीय संघात जाण्याचे ध्येय राज्यघटनेत लिहायचे का? ‘हो’ला ५०.३५ टक्के मते मिळाली. फरक जेमतेम साडेदहा हजार मतांचा. देशाच्या आत ‘नाही’ची मते जास्त होती, पारडे फिरवले ते परदेशातल्या मतांनी. गागाउझियात शंभरातल्या फक्त पाच जणांनी ‘हो’ म्हटले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार शोरच्या जाळ्यातून सुमारे एक लाख तीस हजार मतदारांना रशियातून पैसे पाठवले गेले होते. दोन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत सांदू ५५.३५ टक्क्यांनी जिंकल्या. समोर उमेदवार होते तेच स्टोयानोग्लो, आणि देशाच्या आतल्या मतांत ते किंचित पुढे होते.

मग २८ सप्टेंबर २०२५ ची संसदीय निवडणूक. पैशाचा आणि खोट्या बातम्यांचा पूर आलेला. निकाल लागला तेव्हा ‘पास’ला ५०.२ टक्के मते आणि ५५ जागा होत्या. आधीच्यापेक्षा आठ कमी, पण बहुमत शाबूत. रशियाकडे झुकलेल्या आघाडीला २६ जागा मिळाल्या.

या आकड्यांकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. एक म्हणजे, साडेतीन वर्षांच्या युद्धाच्या सावटात, महागाईत आणि थंडीत एका नव्या पक्षाने बहुमत टिकवले. युरोपातल्या कितीतरी जुन्या पक्षांना हे जमले नसते. दुसरी म्हणजे, देशातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना अजून हा पक्ष आपला वाटत नाही. गागाउझियातला शेतकरी, उत्तरेकडच्या शहरातला रशियन बोलणारा निवृत्त कामगार यांना ‘युरोप’ हा शब्द ऐकला की आपले काहीतरी हिरावून घेतले जाणार असे वाटते. परदेशातल्या लेकरांच्या मतांवर निवडणूक जिंकता येते. पण राज्य करायचे असते ते मागे राहिलेल्या आई-वडिलांवर.

मला या पक्षाविषयी आस्था वाटते, आणि ती लपवण्याचे कारण नाही. घराणे, पैसा, जात-जमात किंवा भीती यांपैकी कशाचाही आधार न घेता, ‘चोरी थांबली पाहिजे’ एवढ्या साध्या मागणीवर पक्ष उभा राहू शकतो, हे त्याने दाखवून दिले. खुर्चीपेक्षा अट मोठी मानणाऱ्या नेत्याला लोक दहा वर्षे विसरत नाहीत, हेही दिसले. पण चोर पकडणारा पक्ष आणि चोरी अशक्य करणारी व्यवस्था यांत मोठे अंतर आहे. निवडणूक एका दिवसात होते. न्यायाधीशांची तपासणी, अभियोक्त्यांची निवड, पोलिसांचे प्रशिक्षण, गावच्या शाळेतली कॉपीमुक्त परीक्षा या गोष्टींना पिढी जाते, आणि त्यांना टाळ्या मिळत नाहीत.

युरोपीय संघाशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी जून २०२४ मध्ये सुरू झाल्या, आणि त्या २०२८ पर्यंत संपवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. मोल्दोव्हातल्या करदात्यासाठी मात्र याहून महत्त्वाचे साल २०४१ आहे. त्या वर्षी लुटलेल्या बँकांच्या रोख्यांचा शेवटचा हप्ता फिटेल. तोवर तो हप्ता भरणाऱ्या माणसाचा खटला कुठल्या तरी न्यायालयात कुणाचाही फोन न येता चालला, आणि तो हरला तरी ‘निकाल विकला गेला’ असे त्याच्या मनात आले नाही, तर २०१६ मध्ये टाकलेले पाऊल खरोखर पुढे पडले असे म्हणता येईल.